चष्मा काढण्याआधी डोळ्याचा नकाशा मागा

रविवारची वंदना आटोपली होती. विहारातल्या सतरंज्या गुंडाळत होतो, तेवढ्यात भुसावळच्या वस्तीतली एक माउली आमच्याजवळ येऊन बसली. हातात जाहिरातीचा घडी केलेला कागद. दोन्ही डोळ्यांचे लेसर, सवलतीचा दर, काही मिनिटांत चष्म्यापासून सुटका. मुलगा एकोणीस वर्षांचा, आयटीआय झालेला. डोळ्यांचा नंबर वजा साडेचार. त्याला रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायचे आहे. बचत गटाचे कर्ज काढायचे आणि उरलेल्या पैशांसाठी कानातले मोडायचे, असे घरात ठरले होते.

"ताई, पोऱ्याचा चष्मा एकदा गेला म्हणजे रेल्वेचं काम झालंच समजा," ती म्हणाली.

आम्ही तिला दोन प्रश्न विचारले. भरतीची जाहिरात नीट वाचली का? आणि लेसर करणाऱ्यांनी मुलाच्या डोळ्याचा नकाशा काढला का? दोन्हींचे उत्तर 'नाही' असे आले. नंबर तपासला होता, तारीख दिली होती, आगाऊ रक्कम मागितली होती.

पहिल्या प्रश्नाचा निकाल तिथेच लागला. असिस्टंट लोको पायलटच्या जागेसाठी चष्म्याशिवाय ६/६ नजर लागते, आणि लासिक किंवा नंबर घालवण्याची कोणतीही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार या जागेसाठी अपात्र ठरतो. हे जाहिरातीतल्या वैद्यकीय अटींमध्ये लिहिलेले असते. म्हणजे ज्या नोकरीसाठी कानातले मोडायचे होते, ती नोकरी त्याच शस्त्रक्रियेने कायमची गेली असती. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात आपली किती मुले या एका नोकरीकडे डोळे लावून बसलेली असतात! म्हणून ही गोष्ट सगळ्यांच्या कानावर घालणे आम्हाला आधी गरजेचे वाटले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळायला आठवडा लागला. मुलाला दुसऱ्या ठिकाणी नेऊन डोळ्याचा नकाशा काढला. उजवा डोळा ठीक निघाला. डाव्या डोळ्याच्या कॉर्नियाचा खालचा भाग असायला हवा त्यापेक्षा जास्त वर आलेला होता आणि तिथेच जाडी कमी होती. डॉक्टरांनी सांगितले, या डोळ्याला लेसर लावायचे नाही. मुलगा हिरमुसला. आम्ही मात्र घरी येताना त्या माउलीला म्हणालो, आज तुमच्या पोराचा डोळा वाचला.

हा लेख त्या नकाशाबद्दल आहे, आणि त्या नकाशावरून संगणकात डोळा उभा करून 'लेसर झाल्यावर याचे काय होईल' हे आधीच ताडून पाहण्याच्या नव्या शास्त्राबद्दल आहे.

डोळ्याची काच म्हणजे गोधडी

डोळ्याच्या काळ्या बुबुळावर समोरून जी पारदर्शक काच दिसते, ती कॉर्निया. मराठीत तिला पारपटल म्हणतात. ती साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर एका भागाला मायक्रॉन म्हणतात. या हिशोबाने बहुतेकांचा कॉर्निया मध्यभागी ५०० ते ५५० मायक्रॉन भरतो. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवून पडद्यावर आणण्याचे दोन तृतीयांश काम ही पातळ काचच करते.

तिला आपण काच म्हणतो, पण ती काचेसारखी एकसंध नाही. आपल्या आजीने शिवलेली गोधडी आठवा. जुन्या लुगड्यांचे थरावर थर आणि ते बांधून ठेवणारे टाके. कॉर्नियातही कोलॅजन नावाच्या तंतूंचे शेकडो पातळ थर एकावर एक असतात. वरच्या बाजूचे थर एकमेकांत जास्त घट्ट विणलेले असतात, म्हणून तिची जास्त ताकद वरच्या भागात असते. आतून डोळ्यातल्या पाण्याचा दाब या गोधडीला चोवीस तास बाहेर ढकलत असतो. थर मजबूत असले तर आकार टिकतो. एखाद्या जागी कमकुवत असले तर ती जागा हळूहळू पुढे येते. सायकलचा टायर एका ठिकाणी झिजला की तिथून ट्यूबचा फुगा बाहेर डोकावतो, तसेच. कॉर्निया असा आपोआप पातळ होऊन टोकदार होत जातो, त्या आजाराला केराटोकोनस म्हणतात. हा आजार बहुतेक वेळा वयात येण्याच्या काळात किंवा विशीत डोके वर काढतो. म्हणजे ज्या वयात पोरे लेसरचा विचार करतात, त्याच वयात.

लेसर नेमके काय करते

या लेसरच्या मुळाशी एक भारतीय नाव आहे. मद्रासला जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. १९८१ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर एक्सायमर लेसर चालवून पाहिले. आजूबाजूचा भाग न भाजता सुबक चर पडली. पुढे नेत्रतज्ज्ञांनी हाच किरण कॉर्नियाला आकार देण्यासाठी वापरला.

लासिक शस्त्रक्रियेत आधी कॉर्नियाच्या वरच्या भागाची साधारण १०० ते १२० मायक्रॉनची पातळ झडप उघडतात. मग खालच्या भागातून नंबरच्या हिशोबाने ऊती उडवून टाकतात आणि झडप परत बसवतात. ढोबळ मानाने एका नंबरमागे १२ ते १५ मायक्रॉन जातात. झडप परत बसली तरी तिचे टाके पूर्वीसारखे जुळत नाहीत. कॉर्नियाचा भार मुख्यतः खाली उरलेला भागच उचलतो. झडप न उघडता करायच्या पीआरके आणि स्माइल या पद्धतीही आहेत. त्यांत भार वेगळ्या रीतीने वाटला जातो, पण ऊती तिथेही कमी होतेच, आणि एकदा काढलेली ऊती परत येत नाही.

लाखो लोकांनी हे लेसर करून घेतले आहे आणि नीट तपासणी झालेल्या डोळ्यांना त्याचा फायदाच झाला आहे. आम्ही लेसरच्या विरोधात नाही. पण १९९८ साली थिओ झायलर या नेत्रतज्ज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लासिकनंतर काही महिन्यांनी कॉर्निया पुढे फुगत गेल्याचे रुग्ण जगासमोर मांडले. टायरचा फुगा तो हाच. असे क्वचित घडते, पण ज्याच्या डोळ्यात घडते त्याला साधा चष्मा लावूनही नीट दिसत नाही.

दोन डोळ्यांचा हिशोब

एक साधे गणित करून पाहू. दोन मुले, दोघांचाही नंबर वजा सहा. झडप ११० मायक्रॉनची, आणि एका नंबरमागे १४ प्रमाणे ८४ मायक्रॉन उडवायचे.

पहिल्याचा कॉर्निया ५४० मायक्रॉन. त्यातून ११० आणि ८४ वजा केले, खाली उरले ३४६. एकूण जाडीच्या ३६ टक्के भागाला धक्का लागला.

दुसऱ्याचा कॉर्निया ४८० मायक्रॉन. तेवढेच वजा केले, उरले २८६. धक्का लागला ४० टक्क्यांहून अधिक भागाला.

जुना नियम असा की खाली किमान २५० मायक्रॉन उरले पाहिजेत. बरेच डॉक्टर आता ३०० धरतात. २५० च्या नियमाने दुसरा मुलगाही पास होतो. पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की ज्यांचा नकाशा आधी चांगला होता आणि तरीही ज्यांचा कॉर्निया फुगला, अशा डोळ्यांत धक्का लागलेला भाग बहुतेक वेळा ४० टक्के किंवा त्याहून जास्त होता. या कसोटीवर दुसरा मुलगा नापास. डोळा तोच, शस्त्रक्रिया तीच, एक नियम हो म्हणतो आणि दुसरा थांब म्हणतो.

कारण हे सगळे नियम जाडी मोजतात. दोन गोधड्या सारख्याच जाड असल्या तरी एकीचे कापड नवे आणि दुसरीचे विरलेले असू शकते. कापड किती विरले आहे, हे फूटपट्टी सांगत नाही. म्हणूनच संगणकाची गरज पडली.

संगणकातला डोळा

धरणाची भिंत उभारण्याआधी अभियंते पाणी किती जोराने ढकलेल आणि भिंत कुठे ताण खाईल याचा हिशोब करतात. हतनूरची भिंत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. हा हिशोब करण्याची एक रीत अशी: अख्ख्या वस्तूचे संगणकात हजारो छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा किती ताणतो हे ठरवायचे, मग दाब देऊन सगळे तुकडे मिळून कसे हलतात ते पाहायचे. विमाने आणि पूल यांच्यासाठी ही रीत १९५०-६० च्या दशकांत रूढ झाली. तीच आता डोळ्याला लावली आहे.

आधी रुग्णाच्या कॉर्नियाचा नकाशा घेतात. फिरत्या कॅमेऱ्याने पुढचा उंचवटा, मागचा उंचवटा आणि जागोजागची जाडी टिपली जाते. त्यावरून त्याच माणसाचा कॉर्निया संगणकात तुकड्या-तुकड्यांनी उभा राहतो. दुसऱ्या यंत्रातून डोळ्यावर हवेचा एक छोटा झोत मारतात आणि सेकंदाला चार हजारांहून जास्त चित्रे घेणारा कॅमेरा कॉर्निया किती दबला, किती वेळात परत आला ते टिपतो. दबण्याच्या या रीतीवरून कापडाची ताकद ताडता येते. मग संगणकात आतून दाब द्यायचा, झडप उघडायची, ८४ मायक्रॉन काढून टाकायचे आणि पाहायचे: उरलेला डोळा किती फुगतो? चूक झाली तर ती पडद्यावर होते, माणसाच्या डोळ्यात नाही.

या कामात आपल्या देशातले लोक पुढे आहेत. डॉ. अभिजित सिन्हा रॉय यांनी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. विल्यम डप्स यांच्याबरोबर खऱ्या रुग्णांच्या मापांवरून अशी मॉडेल तयार केली. ते काम २०११ साली प्रसिद्ध झाले. पुढे ते बंगळुरूच्या नारायण नेत्रालयात आले. तिथल्या चमूने २०१८ मध्ये एक पडताळणी प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांवरून संगणकाने भाकीत करायचे की लासिक, स्माइल किंवा पीआरके झाल्यावर हाच डोळा हवेच्या झोताखाली किती दबेल. मग खरी शस्त्रक्रिया झाल्यावर त्याच रुग्णांना झोत देऊन भाकीत आणि प्रत्यक्ष माप ताडून पाहिले. ते बऱ्यापैकी जुळले. आधी सांगायचे आणि मग सगळ्यांसमोर तपासायचे, याला आपण विज्ञान म्हणतो.

आपल्या मातीतले डोळे

आपल्यासाठी हे एवढे महत्त्वाचे का, हे समजायला खानदेशातून थोडे विदर्भात जाऊ. नागपूरजवळच्या खेड्यांत तीस वर्षांवरच्या सुमारे ४,७०० लोकांचे डोळे तपासण्याचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात कॉर्नियाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन निघाली. युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासांत ती ५४० च्या आसपास असते. त्याच अभ्यासात शंभरात दोनाहून थोड्या जास्त लोकांच्या कॉर्नियाचा बाक केराटोकोनसमध्ये धरावा इतका तीव्र होता. हे निष्कर्ष २००९-१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची मोजण्याची पद्धत साधी होती, त्यामुळे तोच आकडा जळगाव-धुळ्याला चिकटवू नये. पण एवढे नक्की, की परदेशी डोळ्यांवरून बांधलेला अंदाज आपल्या शेतमजुराच्या पोराला जसाच्या तसा लागू पडेल असे नाही. प्रत्येकाचा स्वतःचा नकाशा हवा.

आणि आपल्या भागाचा उन्हाळा तर सगळ्यांना ठाऊक आहे. ऊन, धूळ, जिनिंगमधला कापसाचा भुगा, वीटभट्टीचा धूर. लहान मुलांचे डोळे खाजतात, लाल होतात, आणि पोरे मुठींनी डोळे चोळत बसतात. डोळे सारखे चोळणे आणि केराटोकोनस यांचा जवळचा संबंध आहे. आई म्हणते, "झोप आली असेल." दर उन्हाळ्यात हेच होत असेल तर ती झोप नाही, ॲलर्जी आहे. गार पाण्याची पट्टी ठेवा, डोळे चोळू देऊ नका, नेत्रतज्ज्ञांना दाखवा. औषधाच्या दुकानातून मागच्या वेळचेच थेंब पुन्हा आणू नका. त्यांतल्या काहींत स्टिरॉइड असते, आणि ते महिनोन्‌महिने घातले तर डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदूही होऊ शकतो.

चाळीसगावचा टांगा

हा सगळा विचार करताना आम्हाला बाबासाहेबांचा एक प्रसंग आठवतो, आणि तो आपल्याच जिल्ह्यात घडलेला आहे. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. धुळ्याकडचे काम करून ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यातले लोक त्यांना मोठ्या प्रेमाने घेऊन गेले. पण टांगेवाले महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हते. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातल्याच एकाने तो हाकला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. लोकांनी त्यांच्या मानाचा विचार केला, जिवाच्या सुरक्षिततेचा विचार मागे राहिला, हे त्यांनी तिथे स्पष्ट नोंदवले आहे.

दोष त्या गरीब माणसांचा नव्हता, जातीचा होता. पण धडा आपल्यासाठी आहे. प्रेम कितीही असले तरी हाकणाऱ्याचा हात आणि पुढचा पूल तपासावाच लागतो. आज चष्म्यावरून पोरीचे लग्न अडते, पोराला मित्र चिडवतात, म्हणून आईबाप कर्ज काढून लेसरकडे धावतात. मानापोटी डोळा पणाला लागतो.

संगणकाचे मॉडेलही आंधळेपणाने मानायचे नाही. त्याला जे माप दिले त्यावरूनच ते बोलते. जिवंत डोळ्यातल्या तंतूंची ताकद थेट मोजता येत नाही, ती झोताच्या चित्रांवरून ताडावी लागते. जखम प्रत्येकाची वेगळी भरते. मूल रोज डोळे चोळते हे घरच्यांनी सांगितलेच नाही, तर संगणकाला ते कुठून कळणार? तथागतांनी कालामांना हेच शिकवले की कुणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. हे डॉक्टरला लागू आहे, जाहिरातीला लागू आहे आणि यंत्रालाही लागू आहे.

लेसरला जाण्याआधी

असे पूर्ण मॉडेल प्रत्येक दवाखान्यात नसते. पण ज्या नकाशावर ते उभे राहते, तो नकाशा काढल्याशिवाय कुणीही लेसरची तारीख देऊ नये. त्याचा खर्च शस्त्रक्रियेच्या मानाने थोडा असतो. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्र विभाग आहेत. तिथे आधी डोळे दाखवून सल्ला घ्या. जवळ नकाशाचे यंत्र नसेल तर बाहेरगावी जाऊन काढा, पण काढाच. आणि हे प्रश्न मोठ्याने विचारा:

१. माझ्या कॉर्नियाचा नकाशा काढला का? पुढच्या आणि मागच्या, दोन्ही बाजूंचा? त्याची प्रत द्या.

२. सगळ्यात पातळ जागी जाडी किती आहे? लेसरनंतर खाली किती मायक्रॉन उरतील? किती टक्के भागाला धक्का लागेल?

३. वय अठरा पूर्ण आहे का, आणि किमान वर्षभर नंबर स्थिर आहे का? जुने चष्म्याचे कागद सोबत न्या. नंबर, विशेषतः सिलिंडरचा नंबर, भराभर बदलत असेल तर आधी केराटोकोनस नाही याची खात्री करून घ्या.

४. घरात कुणाला केराटोकोनस आहे का, डोळे चोळायची सवय आहे का, बाई गरोदर किंवा अंगावर पाजणारी आहे का, हे न लपवता सांगा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर नकाशाआधी किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारा. लेन्समुळे कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि नकाशा चुकतो.

५. नोकरीसाठी करत असाल तर त्या जागेच्या वैद्यकीय अटी आधी वाचा.

६. शस्त्रक्रिया झालीच, तर आधीचे सगळे अहवाल आयुष्यभर जपून ठेवा. पुढे मोतीबिंदूची लेन्स ठरवताना आणि डोळ्याचा दाब मोजताना ते लागतात. लेसर झालेल्या डोळ्याचा दाब यंत्रावर खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो.

डॉक्टर 'नको' म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका आणि 'हो' म्हणणारा दुसरा शोधत हिंडू नका. चष्मा हा कमीपणा नाही. बाबासाहेबांचा चष्म्यातला फोटो आपल्या घराघरात आहे. शाळेतल्या मुलांना अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून मोफत चष्मे मिळतात, शाळेत विचारा. आणि केराटोकोनस निघालाच तर तो वाढू नये म्हणून उपाय आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात शोधलेल्या पद्धतीत डोळ्यात बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून त्यावर ठरावीक अतिनील प्रकाश सोडतात. त्याने तंतूंमधले टाके घट्ट होतात. गेलेला आकार पूर्ण परत येत नाही, पण पुढचे बिघडणे बहुतेकांत थांबते. म्हणून लवकर कळणे मोलाचे.

भुसावळच्या त्या मुलाला आता दर सहा महिन्यांनी नकाशा काढायला सांगितले आहे. डोळे चोळायची सवय त्याने सोडली. रेल्वेतच चष्मा चालणाऱ्या कारकुनी जागा आहेत, त्यांचा अभ्यास तो विहाराच्या वाचनालयात बसून करतो. आईच्या कानातले तिच्या कानातच आहेत. पुढच्या रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात थांबणार आहोत. ज्यांच्या घरी लेसरचा विचार चालला आहे, त्यांनी चष्म्याचे जुने कागद घेऊन यावे.

जय भीम!